सरखेलाचें आसन

घोडेगांव हें नांव ऐकून समुद्र आठवेल असा मनुष्य मिळणें कठीण. नगर जिल्ह्याच्या नेवासें तालुक्यांत, अहमदनगराहून (त्यास आतां अहिल्यानगर म्हणतात) औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावर हें गांव वसलें आहे. तेथील जनावरांचा बाजार दूरदूरच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. जनावराचे दांत पाहून त्याचें वय सांगणारीं माणसें तेथें पुष्कळ भेटतील. पण लाट पाहून वाऱ्याची दिशा सांगणारा मात्र एकहि भेटावयाचा नाहीं, आणि त्यांत नवल तें काय? या मुलखानें जें सैन्य पाहिलें तें सगळें जमिनीवरचें. शेजारच्या शेवगांव तालुक्यांत मुंगी येथें १७२८ सालीं बाजीरावानें निजामास तह करावयास लावलें तें घोड्यांच्या टापांच्या जोरावर. जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास खर्डें येथें १७९५ सालीं मराठे सरदार शेवटचे एकत्र झाले ते घोडदळ, पायदळ व तोफखाना घेऊन. १८०३ सालीं वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला तोहि पायदळानें व तोफांनीं. आजहि चिलखती रणगाड्यांवर लढणाऱ्या दळाचें शिक्षणकेंद्र नगरासच आहे. तेव्हां सैन्य म्हटलें म्हणजे या बाजूच्या माणसाच्या डोळ्यांपुढें आधीं घोडा आणि नंतर रणगाडा उभा राहावा, हें स्वाभाविकच होय.

परंतु नगरच्या गादीला समुद्र नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या मलिक अहमदानें हें शहर वसविलें, त्यानेंच पंधराव्या शतकाच्या अखेरीस दंडाराजपुरी घेतली होती, आणि चौलचें संपन्न बंदर निजामशाहीच्या अमलाखालीं होतें. त्या चौलच्या खाडीत १५०८ सालीं मिसरच्या व गुजराथच्या जहाजांनीं पोर्तुगीजांचा पराभव करून त्यांच्या व्हाइसरॉयाचा मुलगा ठार केला. बंदर निजामशहाचें, पण लढणारीं जहाजें दुसऱ्यांचीं! पुढें १५७० च्या अखेरीस मूर्तजा निजामशहानें प्रचंड सेना घेऊन पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला आणि तो कित्येक महिने चालविला. जमिनीच्या बाजूनें कोंडलेल्या त्या ठाण्यांत समुद्राच्या बाजूनें गोव्याहून माणसें, दारूगोळा व धान्य येतच राहिलें. कालिकतच्या सामुरीचीं गलबतें निजामशहाच्या मदतीस आलीं खरीं, पण उसन्या गलबतांनीं खाडीचें तोंड बंद होत नाहीं. १५७१ च्या पावसाळ्यांत वेढा उठला व तह झाला. हजारों घोडे पदरीं असलेल्या राजाला चार हात पाण्यापलीकडे पोंचतां आलें नाहीं.

ही हकीगत येथें देण्याचें कारण असें कीं, जो प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों त्याचें मूळ तीत आहे. समुद्रावर लढणाऱ्या शिपायाला जमिनीवरच्या शिपायाच्या बरोबरीचा मान असावा कीं तो सैन्याचा एक जोडधंदा समजावा? हा प्रश्न केवळ आमचाच आहे असें नाहीं. अमेरिकेंत मरीन नांवाचें जें सागरी पायदळ आहे, त्याच्या सेनापतीला इतर दळांच्या सेनापतींच्या मंडळांत आसन असावें अशी मागणी दुसऱ्या महायुद्धानंतर निघाली. १९५० सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं एका प्रतिनिधीला लिहिलेल्या पत्रांत या दळाची संभावना आरमाराचे पोलीस अशा अर्थाच्या शब्दांनीं केली. तें पत्र बाहेर फुटतांच देशभर एवढा गहजब झाला कीं, थोड्याच दिवसांत अध्यक्षांना दिलगिरी प्रदर्शित करावी लागली. त्या वेळीं हेच शिपाई कोरियांत लढत होते, ही गोष्ट लोक विसरले नव्हते. १९५२ च्या कायद्यानें त्या सेनापतीला आपल्या दळासंबंधींच्या कामापुरतें बरोबरीचें आसन मिळालें आणि १९७८ सालीं तें पूर्ण झालें. एक खुर्ची मिळण्यास अठ्ठावीस वर्षें लागलीं. पण ती मिळण्यास प्रारंभ झाला तो सामान्य लोकांच्या रागापासून, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. १६५७ च्या ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हातीं आली आणि त्यानंतर थोड्याच अवधींत कल्याणच्या खाडींत जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. १६६४ च्या नोव्हेंबरांत मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षीं महाराज स्वतः जहाजांत बसून बसरूरवर गेले. १६७९ सालीं मुंबईच्या तोंडाशीं असलेलें खांदेरीचें बेट मराठ्यांनीं बळकाविलें तेव्हां मायनाक भंडारी हा सरदार तेथें होता, आणि ऑक्टोबरांतल्या लढाईंत इंग्रजांची एक गुराब त्यांच्या हातून गेली. इंग्रजांचीं जहाजें मोठीं, तोफा मोठ्या. मराठ्यांचीं गलबतें लहान, पण उथळ पाण्यांत चालणारीं व वारा नसला तरी वल्ह्यांवर पळणारीं. रात्रीच्या अंधारांत तीं दगड, चुना व दाणागोटा बेटावर पोंचवीत, आणि इंग्रजी कप्तान सकाळीं उठून पाहतात तों तट आदल्या दिवसापेक्षां उंच झालेला! अखेर १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तह करून तो नाद सोडला.

हीं गलबतें चालविणारे लोक कोण होते? भंडारी, कोळी, गाबीत, खारवी आणि कोंकणांतले मुसलमान. ज्या समाजांत समुद्र ओलांडणें हेंच पातक मानलें जाई, त्या समाजाच्या वरच्या पायऱ्यांवर या लोकांस जागा नव्हती. आमच्या मतें आरमाराच्या मानाचा प्रश्न येथून सुरू होतो. १६७४ च्या जून महिन्यांत रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हां अष्टप्रधानांत सेनापतीला आसन होतें. त्या आसनावर हंबीरराव मोहिते होते. आरमाराच्या सुभेदाराला, म्हणजे पुढें ज्यास सरखेल म्हणूं लागले त्या अधिकाऱ्याला, त्या आठांत स्थान नव्हतें. स्वतः महाराजांच्या मनांत आरमाराविषयीं अनास्था होती असें म्हणण्याचें धाडस कोणीहि करणार नाहीं. मुंबईच्या दाराशीं खांदेरी बांधणारा राजा समुद्राला गौण समजत नव्हता. तथापि मंत्रिमंडळाची जी घडी त्या दिवशीं पडली ती घांटमाथ्याची होती, आणि घड्या एकदां पडल्या म्हणजे सहसा उलगडत नाहींत.

ही उणीव ज्याच्या ध्यानांत पुरतेपणीं आली होती असा एक पुरुष त्या काळांत आढळतो. रामचंद्रपंत अमात्यानें १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलें. त्यांत आरमारासंबंधीं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यांत आरमार हें राज्याचें एक वेगळें अंग होय असें त्यानें निःसंदिग्धपणें सांगितलें आहे. घोडदळानें भूमि ताब्यांत राहते, त्याच न्यायानें आरमारानें समुद्र ताब्यांत राहतो, अशा आशयाचें त्याचें म्हणणें आहे. म्हणजे दोन्ही दळें त्यानें एकाच तराजूंत घातलीं. त्याहून महत्त्वाची गोष्ट आम्हांस अशी वाटते कीं, आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलांतून नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर लादूं नये, नाहींतर व्यापारी बुडतील व बंदरें ओस पडतील, असें तो बजावतो. मान म्हणजे केवळ पदवी व पोशाख नव्हे. ज्याची नेमणूक पक्की त्याचा मान पक्का, हें त्या अनुभवी कारभाऱ्याला कळत होतें. जें दळ आपलें पोट समुद्रावर भरावें म्हणून सोडून दिलें जातें, त्याला पुढें चांचे म्हणून नांवें ठेवण्यास शत्रूंबरोबर घरचेहि पुढें येतात.

कान्होजी आंग्र्याचें चरित्र हें या सूत्राचेंच भाष्य होय. १७१३ सालीं शाहूचा पेशवा बहिरोपंत पिंगळे त्याच्यावर चालून गेला आणि कान्होजीनें त्यालाच कैद केलें. तेव्हां शाहूनें पेशवाई बाळाजी विश्वनाथाला दिली. हा श्रीवर्धनचा मनुष्य. त्याला खारा वारा ठाऊक होता. त्यानें तरवार न उपसतां १७१४ सालीं कान्होजीशीं समेट केला व सरखेलीचा मान कायम केला. बरोबरीच्या नात्यानें वागविलें म्हणजे हा समुद्रावरचा सरदार कसा वागतो, हें पुढच्याच दशकांत दिसून आलें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. किल्ल्याचा बचाव कान्होजीनें केला आणि घाट उतरून बाजीरावाचें घोडदळ मदतीस आलें. दोन युरोपियन सत्तांना हात हलवीत परत जावें लागलें. घोडा आणि गलबत एकाच बाजूनें लढल्याचें याहून सुंदर उदाहरण आमच्या इतिहासांत दुसरें नाहीं.

१७२९ सालीं कान्होजी वारला आणि त्याच्या मुलांत भांडणें लागलीं. पेशव्यांनीं तीं मिटविण्याऐवजीं वांटून दिलीं: १७३५ त एका भावाला सरखेल तर दुसऱ्याला वजारतमाब अशी पदवी मिळून आरमाराचे दोन तुकडे झाले. सेनापतिपदाचे असे दोन तुकडे करण्याचें कोणाच्या मनांत आलें असतें काय? पुढें विजयदुर्गास तुळाजी आंग्रे बसला. तो निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें पेशव्याचा हुकूम धुडकाविला, शेजारच्या सरदारांचा मुलूख लुटला, आणि त्याच्या नांवानें किनाऱ्यावरचे पुष्कळ लोक बोटें मोडीत होते. पण त्याला शासन करण्यासाठीं नानासाहेब पेशव्यानें जो मार्ग धरला तो पाहून मन खिन्न होतें. १७५५ च्या मार्चांत मुंबईकर इंग्रजांशीं करार झाला. एप्रिलांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. आणि १७५६ च्या फेब्रुवारींत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला. बंदरांत नांगरलेलें आंग्र्यांचें आरमार तोफांच्या माऱ्यानें पेटलें व जळून खाक झालें. जमिनीवरून पेशव्याची फौज जवळच होती. एखाद्या बंडखोर सरदाराचे घोडे परक्यांकडून कापवून घेण्याचें पेशव्याला सुचलें नसतें. घोडे आपल्या पागेंत आणून बांधावेत, ही गोष्ट त्याला आपोआप कळली असती. गलबतांच्या बाबतींत ती कळली नाहीं.

याच मोहिमेंतली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लढाईस निघण्यापूर्वींच लुटीच्या वांटणीवरून इंग्रजांच्या दर्यावर्दी व जमिनीवरच्या अधिकाऱ्यांत तंटा लागला. दर्यावर्दी अधिकाऱ्यांच्या सभेनें क्लाइव्हला एका जहाजाच्या कप्तानाइतकाच वांटा ठरविला, आणि क्लाइव्हचें म्हणणें असें कीं, आपला मान त्याहून मोठा आहे. किल्ल्यांत सुमारें दहा लक्ष रुपये सांपडले ते इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतले, पेशव्याला त्यांतला छदामहि दिला नाहीं. म्हणजे बरोबरीचा प्रश्न त्यांच्याकडेहि होताच. फरक एवढाच कीं, ते तो आपसांत भांडून मिटवीत, आणि आम्ही परक्याला बोलावून!

कोणी म्हणेल कीं, राज्य घांटावर होतें, शत्रु दिल्लीस व हैदराबादेस होता, मग खर्च घोड्यांवर व्हावयाचा नाहीं तर कशावर? या आक्षेपांत तथ्य आहे. आरमाराची संख्या सैन्याएवढी असावी असें अमात्यानेंहि म्हटलें नाहीं. संख्येची बरोबरी वेगळी व मानाची वेगळी. पेशव्यांचें आरमार १७५६ नंतरहि विजयदुर्गास होतें, आणि १७८३ सालीं आनंदराव धुळपानें इंग्रजांचें रेंजर नांवाचें जहाज इतर जहाजांसह पकडून आपला पराक्रम दाखविला. परंतु मल्हारराव होळकर व महादजी शिंदे यांच्या नांवांशेजारीं धुळपाचें नांव घेणारा मनुष्य घांटावर तेव्हांहि क्वचितच सांपडला असता, व आजहि क्वचितच सांपडेल.

ज्या इंग्रजांनीं हें आरमार बुडविलें त्यांनीं स्वतःच्या मुंबईच्या दर्यावर्दी नोकरीला कसें वागविलें हें पाहिल्यास मौज वाटते. १६१२ सालीं सुरतेस सुरू झालेली व पुढें बॉम्बे मरीन म्हणून ओळखली जाणारी ही नोकरी राजाच्या आरमारापुढें नेहमीं दुय्यम राहिली. तिच्या अधिकाऱ्यांना राजाच्या आरमारांतील अधिकाऱ्यांच्या जोडीचा दर्जा १८२७ सालीं मिळाला, तोहि त्यांच्या मागें बसण्याच्या अटीवर. १८३० त तिला इंडियन नेव्ही हें नांव आलें आणि १८६३ त ती मोडण्यांत आली. १८७७ त पुन्हा मरीन, १८९२ त रॉयल इंडियन मरीन! नांवें बदलत गेलीं, काम मात्र पुष्कळसें पलटणी इकडून तिकडे पोंचविण्याचें. या जहाजांवर लढण्यासाठीं १७७७ सालीं मुंबईंत एक खास पलटण उभारली होती. तिला मरीन बटालियन म्हणत. तिला पुढें आंकडे मिळाले, ती खोदकाम व रस्ते करणाऱ्या पायोनियर दळांत गेली, पण मरीन हा शब्द तिनें आपल्या नांवांत टिकवून ठेविला. १९३३ सालीं ती बरखास्त झाली. १८५७ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या मैदानावर ज्या दोन शिपायांना तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें, त्यांतला सय्यद हुसेन हा याच पलटणींतला हवालदार होता. या शहरांत त्या पलटणीचें नांव आज किती जणांस ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं.

२ ऑक्टोबर १९३४ रोजीं रॉयल इंडियन नेव्ही हें नांव आलें. त्याआधीं १९२८ सालीं या आरमारासंबंधींचें विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळानें फेटाळलें होतें, कारण ज्या आरमारावर आपला ताबा नाहीं व ज्यांत आपल्या तरुणांना अधिकारपदें नाहींत त्याचा खर्च आपण कां उचलावा, असें आमच्या प्रतिनिधींचें म्हणणें होतें. खलाशी मात्र आमचेच, व त्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतल्या दर्यावर्दी घराण्यांतले पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धांत भरतीचे दरवाजे सताड उघडले आणि दोन हजारांच्या आंतबाहेर असलेलें हें दळ तीस हजारांच्या घरांत गेलें. देशाच्या सर्व प्रांतांतले शिकलेले तरुण त्यांत आले. त्यांना ब्रिटिश खलाशाशेजारीं उभें राहून तेंच काम करावें लागे, पण पगार, भत्ता, जेवण व वागणूक यांत जमीनअस्मानाचें अंतर.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजीं कुलाब्याच्या तलवार या शिक्षणकेंद्रांत खलाशांनीं निकृष्ट अन्नाच्या निमित्तानें संप पुकारला. तेथला अधिकारी कमांडर किंग यानें त्यांना उद्देशून आईबापांवरून शिव्या दिल्या होत्या, आणि भिंतींवर स्वातंत्र्याच्या घोषणा लिहिल्याबद्दल बलाईचंद्र दत्त या खलाशाला अटक झालेली होती. दोन दिवसांत संप बंदरांतल्या जहाजांवर व पुढें कराचीपर्यंत पसरला. खलाशांनीं मध्यवर्ती समिति निवडली, तिचे अध्यक्ष एम. एस. खान, जहाजांच्या डोलकाठ्यांवर काँग्रेस, लीग व लाल बावटा असे तिन्ही झेंडे लागले. मागण्यांत आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका होती, इंडोनेशियांतून हिंदी पलटणी परत आणण्याची गोष्ट होती, आणि ब्रिटिश खलाशांच्या बरोबरीचा पगार व वागणूक हेंहि होतें. या शेवटच्या मागणीकडे इतिहासकारांचें लक्ष कमी जातें, कारण ती पोटाची वाटते. आम्हांस ती मानाचीच वाटते.

२१ तारखेस किल्ल्यांतल्या कॅसल बराकींत गोळीबार सुरू झाला. बराकींत कोंडलेल्या व जहाजांवर अडकलेल्या खलाशांचें अन्न तोडण्यांत आलें होतें. तेव्हां जें घडलें तें या शहराच्या इतिहासांत अपूर्व आहे. गेटवेच्या धक्क्यावर माणसें भाकरी, फळें, दूध, जें हातास लागेल तें घेऊन आलीं. दुकानदारांनीं व हॉटेलवाल्यांनीं आपलें सामान मोकळें केलें. लहान होड्यांतून तें जहाजांकडे जाऊं लागलें. घरांत रेशनचें धान्य मोजून शिजविणाऱ्या त्या दिवसांत अनोळखी खलाशासाठीं डबा बांधणाऱ्या या लोकांना सरखेल म्हणजे काय हें ठाऊक नसेल, दर्जा व हुद्दा यांचें गणित ठाऊक नसेल. हीं आपलीं पोरें आहेत एवढेंच त्यांस पुरेसें झालें. २२ तारखेस गिरण्या बंद पडल्या. काँग्रेस व लीग या दोहोंच्या पुढाऱ्यांनीं हरताळ करूं नये असें सांगितलें होतें, तरी कम्युनिस्टांच्या हांकेस गिरणगांवानें ओ दिली. लष्कर रस्त्यावर आलें. परळास कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळीस बळी पडली. दोन-तीन दिवसांत मुंबईंत दोनशेंहून अधिक नागरिक मेले व हजाराच्या आसपास जखमी झाले. मेलेल्यांत बहुसंख्य लोकांचा समुद्राशीं संबंध चौपाटीपुरताच असावा.

सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानें २३ तारखेच्या सकाळीं खलाशी शरण गेले. कोणाचा सूड घेतला जाऊं नये यासाठीं प्रयत्न करण्याचें आश्वासन त्यांना मिळालें होतें. हेच वल्लभभाई काहीं महिन्यांपूर्वींपर्यंत नगरच्या किल्ल्यांत कैदेंत होते. शिस्त मोडलेलें सैन्य उद्यांच्या स्वतंत्र राष्ट्राला पेलणार नाहीं, अशी त्यांची दृष्टि होती, आणि ती सर्वस्वीं चुकीची होती असें म्हणतां येणार नाहीं. पण परिणाम काय झाला? पावणेपाचशेंच्या आसपास खलाशी नोकरींतून काढले गेले. सर फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या चौकशी मंडळापुढें भेदभावाच्या तक्रारी मांडल्या गेल्या व त्या खऱ्या ठरल्या; तरी स्वतंत्र हिंदुस्थानच्या किंवा पाकिस्तानच्या आरमारानें त्या लोकांस परत घेतलें नाहीं. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांचा स्वीकार १९७० नंतर झाला, तोंपर्यंत कित्येकांनीं मिळेल त्या धंद्यावर आयुष्य काढलें होतें. कुलाब्यांत त्यांचें एक स्मारक आज उभें आहे.

स्वातंत्र्यानंतर आसनाचा प्रश्न सुटला काय? कागदपत्रांकडे पाहावें. भूदलाला पहिला भारतीय सरसेनापति १५ जानेवारी १९४९ रोजीं करिअप्पांच्या रूपानें मिळाला. विमानदलाला १ एप्रिल १९५४ रोजीं सुब्रतो मुखर्जी मिळाले. नौदलाला रामदास कटारी मिळाले ते २२ एप्रिल १९५८ रोजीं. युद्धनौका व तिचीं तंत्रें शिकण्यास वेळ लागतो हें कारण दिलें जाई, आणि तें अगदींच पोकळ नव्हतें. १९२८ पूर्वीं या दळांत एकहि हिंदी अधिकारी नव्हता. पण दर्जाचें काय? भूदलाचा प्रमुख प्रथमपासून जनरल. विमानदलाचा प्रमुख १९६६ त त्या पायरीवर आला. नौदलाचा प्रमुख मात्र १९६८ पर्यंत व्हाइस ॲडमिरल, म्हणजे लेफ्टनंट जनरलच्या जोडीचा होता. तिघे एका मेजाशीं बसत, पण तिसऱ्याची खुर्ची एक पायरी खालीं. याला अपवाद म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे: राष्ट्रपतींचें निशाण तिन्ही दळांत सर्वांत आधीं मिळालें तें नौदलाला, २७ मे १९५१ रोजीं, राजेंद्रबाबूंच्या हस्तें.

१९६५ च्या युद्धाच्या वेळीं नौदलाचे प्रमुख भास्कर सदाशिव सोमण हे मराठी गृहस्थ होते. पोरबंदराच्या अक्षांशाच्या वर जाऊन पाकिस्तानवर चढाई करूं नये असा सरकारचा हुकूम त्यांना मिळाला. सोमण नाराज झाले, त्यांनीं आपला विरोध वर कळविला, पण हुकूम फिरला नाहीं. आणि ७ सप्टेंबरच्या रात्रीं पाकिस्तानी जहाजें द्वारकेवर तोफा डागून गेलीं. नुकसान फारसें झालें नाहीं. बोच मात्र खोल गेली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं लहान क्षेपणास्त्र-नौकांनीं कराची बंदर पेटविलें, तेव्हां ती बोच निघाली असें मानण्यास हरकत नाहीं. लहान व चपळ नौकांनीं मोठ्या बंदरांत रात्रीं शिरणें ही खांदेरीचीच रीत नव्हे काय? त्याच युद्धांत ९ डिसेंबरला दीवजवळ खुकरी ही नौका बुडाली व तिजबरोबर १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनीं नौका सोडली नाहीं. त्यांना महावीरचक्र मिळालें. परमवीरचक्राच्या यादींत एकवीस नांवें आहेत: वीस भूदलाचीं, एक विमानदलाचें. तिन्ही दळांवर संरक्षणप्रमुख नेमण्याची प्रथा २०२० सालीं सुरू झाली. पहिले दोन्ही प्रमुख भूदलांतले. अशा याद्या भांडणासाठीं करावयाच्या नसतात, आणि शौर्य हें दळवार वांटून द्यावयाचेंहि नसतें. परंतु यादी वाचणाऱ्यानें ती वाचून गप्प बसावें असेंहि नाहीं.

लोकांच्या स्मरणाचा हिशेब याहून चमत्कारिक आहे. १९८७ सालीं नौदलानें सागरी कमांडोंचें एक खास पथक उभारलें. त्यास मार्कोस म्हणतात. अमेरिकेच्या मरीन शिपायांशीं तुलना करावयाची तर आपल्याकडे एवढेंच लहानसें पथक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं समुद्रमार्गें आलेल्या हल्लेखोरांनीं मुंबईवर हल्ला केला, तेव्हां दिल्लीहून राष्ट्रीय सुरक्षा रक्षक येण्यापूर्वीं ताजमहाल हॉटेलांत हे नौसैनिक शिरले होते. त्यांतल्या प्रवीणकुमार तेवतिया यांस गोळ्या लागल्या व पुढें शौर्यचक्र मिळालें. मुंबईच्या रस्त्यावर लोकांनीं जयजयकार केला तो काळ्या वेषांतल्या सुरक्षा रक्षकांचा, व तो योग्यच होता. पण आधीं कोण आंत गेले होते, हें पुष्कळांना नंतरहि कळलें नाहीं. १९४६ त ज्या गेटवेवर लोक खलाशांसाठीं भाकरी घेऊन उभे राहिले, त्याच्या समोरच हें हॉटेल आहे.

अलीकडे सरकारी सन्मानांची मात्र वाण नाहीं. २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोचीस नौदलाचें नवें निशाण फडकलें. त्यावरून इंग्रजी क्रूस गेला व शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृति आली. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गास साजरा झाला आणि मालवणच्या राजकोटावर महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिला; तो नऊ महिने भरण्यापूर्वींच २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. पुतळे उभारण्याची घाई आणि ते टिकविण्याची काळजी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें अमात्याला वेगळें सांगावें लागलें नसतें.

आणखी एका ठिकाणाचा उल्लेख करावयाचा राहिला. मुंबईच्या किल्ल्यांत, जुन्या इंग्रजी तटाच्या आंत, ज्या कॅसल बराकींत १९४६ च्या फेब्रुवारींत खलाशांनीं गोळ्या झेलल्या, तें ठाणें पुढें डलहौसी या गव्हर्नर जनरलाच्या नांवानें चाले. १९५१ सालीं नौदलानें तें नांव काढून टाकलें. ज्या कान्होजीला जेरीस आणण्यासाठीं याच तटाआंतून मोहिमा निघत, त्याचें कुलनाम त्या ठाण्याला देण्यांत आलें. आज तें आय.एन.एस. आंग्रे म्हणून ओळखलें जातें. वरळी-कुलाब्याच्या बाजूनें किल्ल्यांत जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांपैकीं बहुतेकांना तें एक नौदलाचें कार्यालय वाटतें, आणि घोडेगांवच्या बाजारांतून मुंबईस गेलेल्या शेतकऱ्यास तर तटाआंत काय आहे हें विचारण्याचें कारणहि पडत नाहीं.